उघडलेली फेविक्विक पावसाळाभर टिकवायची तर

ठाण्यात जुलैमध्ये डब्याबाहेर ठेवलेला पापड बघता बघता सादळतो. फेविक्विकचा वैरी हाच ओलावा. ती फेविकॉलसारखी वाळत नाही, हवेतलं बाष्प लागलं की घट्ट होते.

म्हणून काम झालं की नळीचं तोंड कोरड्या टिश्यूने पुसा. टोकाशी थेंब राहिला तर टोपण तिथेच चिकटून बसतं. मग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत नळी उभी ठेवा आणि बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची पुडी सोबत टाका. बरणी फ्रिजमध्ये ठेवलीत तर उत्तमच, फक्त खाण्याच्या वस्तूंपासून आणि मुलांच्या हातापासून लांब. बाहेर काढल्यावर मात्र तासभर झाकण उघडू नका. गार नळीवर लगेच दव धरतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

खिडकीच्या फटींसाठी आणलेलं सिलिकॉनही ओलाव्यानेच घट्ट होतं. नोझलमध्ये एक लांब स्क्रू पिळून बसवा, वरून इन्सुलेशन टेप गुंडाळा. पुढच्या वेळी स्क्रू ओढला की त्याच्याबरोबर घट्ट झालेला तुकडा निघून येतो आणि मागचं सिलिकॉन मऊ सापडतं. मी हे दरवेळी करते.

फेविकॉलचं उलटं, त्यातलं पाणी उडायला नको. डब्याच्या आट्या ओल्या फडक्याने पुसून झाकण लावा, फ्रीझरमध्ये कधीच ठेवू नका. आणि अरल्डाइट, म्हणजे दोन नळ्यांतलं एकत्र मिसळलं की घट्ट होणारा गोंद, त्याच्या नळ्यांची टोपणं चुकूनही अदलाबदल करू नका, नाहीतर ती तिथेच चिकटून बसतात.