सायलेन्सरचा बेंड निळा पडला तर

नवी बुलेट शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढून आली आणि इंजिनातून निघणारा चकचकीत वाकडा पाईप, म्हणजे बेंड, पिवळट दिसायला लागला, की मालकाचा जीव खालीवर होतो. एवढं काही झालेलं नसतं. स्टेनलेस स्टील साधारण ३०० अंश सेल्सिअसला तापलं की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि पिवळसर झाक येते. थर वाढेल तशी ती तांबूस, जांभळी आणि ५०० अंशांच्या पुढे निळी होते. क्रोमचंही थोड्याफार फरकाने तेच. पिवळा रंग खुशाल पुसा. गर्द निळा असेल तर मात्र पॉलिशची डबी बाजूला ठेवून आधी इंजिन बघा, नाहीतर आज घासलेला पाईप चार दिवसांत परत निळा.

'आपल्याकडे ऊनच एवढं' हे कारण खानदेशात सर्रास ऐकू येतं. भुसावळचं ४५ अंशांचं ऊन माणसाला भारी, पाईपला नाही. त्याच्या आतून जाणारा धूर कितीतरी पट गरम असतो. पाईपला नडतं ते गाडी चालू ठेवून उभं राहणं, कारण वारा लागत नाही. रेल्वे फाटक पडलं किंवा सावद्याकडे केळीच्या ट्रकांची रांग लागली, की गाडी सरळ बंद करा.

पाईप इंजिनाच्या हेडला (वरच्या भागाला) बसतो त्या जोडावर काजळीचे फटकारे दिसतात का बघा. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सर फटफट करत असेल तर संशय पक्का: गॅस्केट, म्हणजे जोड हवाबंद ठेवणारी चकती, गळतंय. ते स्वस्तात बदलून होतं. मग स्पार्क प्लग काढा. टोक बिस्किटी असेल तर ठीक. पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त जातेय, म्हणून पाईप जास्त तापतोय. कार्बोरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाच्या) गाडीला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवून ट्यूनिंग तसंच ठेवलं, तर हेच होतं. (पोलीस पावती फाडतील ते वेगळंच.) कार्बोरेटर असेल तर मिस्त्रीकडून पेट्रोल-हवेचं मिक्श्चर लावून घ्या. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत बहुतेक पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आणि सेन्सर असतो, तिथे स्क्रू पिळून उपयोग नाही; स्कॅनर लावूनच दोष कळतो.

आता सफाई. पाईप पूर्ण गार होऊ द्या. तापलेल्यावर पाणी मारू नका, डाग पडतात. शॅम्पूच्या पाण्याने धूळ काढा, कारण तीच धूळ पॉलिशखाली रेघोट्या ओढते. ऑइलचे डाग रॉकेलच्या चिंधीने निघतात.

क्रोमवर ब्रासो किंवा ऑटोसोलसारखी मेटल पॉलिश मऊ सुती कापडावर घेऊन थोड्या थोड्या जागेवर चोळा. कापड काळं होईल, होऊ द्या. घडी बदलत राहा. जोर लावू नका, क्रोमचा थर कागदापेक्षाही पातळ असतो. एमरी पेपर आणि स्टीलची घासणी क्रोमला लावायचीच नाही. रेषांच्या फिनिशचं स्टेनलेस असेल तर बारीक स्कॉच-ब्राइट चालतं, पण रेषांच्या दिशेनेच.

संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओतायचा सल्ला कुणी ना कुणी देतंच. ऐकू नका. त्याने क्रोम सुटतं आणि स्टेनलेसलाही खड्डे पडतात.

शेवटी कोरड्या फडक्याने बोटांचे ठसे पुसूनच गाडी चालू करा, नाहीतर हाताचं तेल जळून तिथेच बसतं. एवढं करूनही निळेपणा गेला नाही, तर क्रोमच्या खालचा निकेलचा थर भाजलाय असं समजा. मग बेंड बदलणं, नव्याने प्लेटिंग करणं किंवा ६०० अंश सोसणारा मॅट काळा रंग मारणं, एवढेच मार्ग उरतात.