रायडिंग जॅकेट घरी धुताय? आधी हवा बघा, साबण नंतर

कापडी रायडिंग जॅकेट धुणं तसं सोपं आहे, गोव्यात खरी मारामारी आहे ती वाळवण्याची. त्यामुळे मुहूर्त महत्त्वाचा. एक धुणं मे महिन्यात, मृगाचा पाऊस लागायच्या आधी, आणि दुसरं चवथ (गणेश चतुर्थी) होऊन हवा जरा मोकळी झाली की ऑक्टोबरात. मधे जुलै-ऑगस्टला अख्खं जॅकेट भिजवायच्या भानगडीत पडू नका, तेव्हा ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली टांगलं तरी खूप झालं, नाहीतर आतलं अस्तर चार-चार दिवस ओलं राहतं आणि मग जो कुबट वास बसतो तो हेल्मेटच्या आतपर्यंत येतो.

सुरुवात खिसे रिकामे करण्यापासून. पेट्रोलची पावती, नाणी, च्युइंगगमचा कागद, सगळं काढा. मग आर्मर, म्हणजे मार लागू नये म्हणून आत बसवलेले संरक्षक तुकडे काढायचे, खांदे, कोपर आणि पाठ. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कुठला तुकडा कुठल्या बाजूला आणि कुठलं तोंड वर होतं ते, कारण नंतर खांदे-कोपरांचे चारही तुकडे सारखेच दिसायला लागतात. आर्मर पाण्यात बुडवायचे नाहीत, मशीनमधे तर नाहीच, ओल्या फडक्याने थोडा साबण लावून पुसायचे आणि सावलीत ठेवायचे. हातात आहेतच तर पाठीचा तुकडा नीट बघून घ्या, बऱ्याच स्वस्त जॅकेटांत तिथे नुसता फोम भरलेला असतो. खऱ्या प्रोटेक्टरवर (म्हणजे आर्मरवर) सीईचा, म्हणजे युरोपातल्या प्रमाणनाचा शिक्का आणि १ किंवा २ अशी लेव्हल लिहिलेली असते, शिवाय मानकाचा नंबर, पाठीच्या तुकड्याला ईएन १६२१-२ आणि कोपर-खांद्याला ईएन १६२१-१. शिक्का नसेल तर धुणं झाल्यावर त्याच खिशात मापाचा चांगला प्रोटेक्टर घेऊन घाला.

थर्मल आणि रेन लायनर, म्हणजे थंडीचा आणि पावसाचा आतला थर, चेनने सुटतात, ते वेगळे धुवा. रेन लायनरच्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर ब्रश अजिबात नको.

आता जॅकेटच्या सगळ्या चेन लावून घ्या आणि वेल्क्रो बंद करा. वेल्क्रो उघडा राहिला तर तो आतली जाळी ओरबाडतो, तिचे धागे निघतात. छातीवर आणि बाह्यांवर वाळलेले किडे असतात (चोर्ला घाटातून संध्याकाळी उतरलात तर असणारच) ते नखाने खरवडू नका, ओला टॉवेल दहा मिनिटं टाकून ठेवा, मऊ होऊन आपोआप सुटतात. कॉलर आणि मनगटाला घामाची पांढरी रेघ असते, तिथे जुना टूथब्रश आणि लिक्विड डिटर्जंटचे दोन थेंब. रिफ्लेक्टरच्या पट्टीवर मात्र ब्रश नाही, फडकंच.

साबण लिक्विडच घ्या, पावडर नीट विरघळत नाही आणि जाड विणीत अडकून बसते. ब्लीच नको. आणि तो वासाचा फॅब्रिक कंडिशनर तर मुळीच नको, त्याचा थर कापडावर बसला की पाणी ओघळून जायच्या ऐवजी कापडात मुरतं, वॉटरप्रूफ जॅकेट असेल तर त्याचा श्वासही कोंडतो. पाणी साधारण ३० डिग्रीचं, म्हणजे आपल्याकडे वेगळं तापवायची गरजच नाही, उलट मे महिन्यात दुपारी टेरेसवरच्या काळ्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, ते थेट घेऊ नका, सकाळचं घ्या. शेवटी आतल्या लेबलवर जे लिहिलंय तेच खरं, तिथे फक्त हाताने धुवा म्हटलं असेल तर मशीनचा विषय संपला.

मोठ्या टबमधे अर्धा तास भिजवा, मग हाताने दाबत राहा, दाबा सोडा दाबा सोडा. साखळी-डिचोलीकडे खाणीच्या ट्रकांमागून रोज येजा असेल तर पहिलं पाणी चहासारखं लाल निघेल, घाबरू नका, ते ओता आणि दुसरं घ्या. खळबळण्यात कंटाळा करू नका, फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलत राहायचं. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी तर जास्तच, कारण घामाचं आणि हवेतलं मीठ चेनच्या दातांत बसतं आणि धातूची चेन त्यानेच पकडते.

लेबल परवानगी देत असेल तर मशीन चालेल, फ्रंट लोड असेल तर बरं, नाजूक कपड्यांचा प्रोग्राम आणि स्पिन एकदम कमी. वॉटरप्रूफ पडदा असलेलं जॅकेट जोरात स्पिन करू नका, त्यात पाण्याचा फुगा अडकतो आणि ड्रम हेलपाटायला लागतो.

पिळायचं नाही. टबच्या कडेला ठेवून पाणी निथळू द्या, मग जाड हँगरवर टांगा, तारेचा हँगर ओल्या वजनाने वाकतो आणि खांद्याचा आकार बिघडतो. आतली बाजू बाहेर, सगळे खिसे उघडे, जागा सावलीची पण वाऱ्याची. कडक उन्हात काळं जॅकेट तांबूस पडतं, निऑन रंग तर लगेच उतरतो, आणि नायलॉन रोजच्या उन्हाने कमकुवत होतं ते वेगळंच. बाहेरून कोरडं वाटलं तरी आर्मरच्या खिशात बोट घालून बघा, शेवटचा ओलावा तिथेच असतो. पावसाने अचानक गाठलं तर बंद खोलीत एसी ड्राय मोडवर आणि वर पंखा, इस्त्री नाही.

वाळल्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बघा. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर ठीक, कापड गडद होऊन पाणी मुरलं तर वॉटर रिपेलंट स्प्रे मारायची वेळ झाली, तो धुतलेल्या स्वच्छ कापडावरच धरतो, धुळीवर मारलेला स्प्रे म्हणजे पैसे वाया. चेनवर साधी मेणबत्ती घासा, छान सरकते.

आर्मर फोटो बघून परत घाला, मग जॅकेट घालून हँडल धरल्यासारखे हात करा, कोपराचं हाड आर्मरच्या बरोबर मधोमध आलं पाहिजे, सरकत असेल तर बाहीचे पट्टे आवळा. आणि पावसाळाभर जॅकेट कपाटात कोंबू नका, प्लास्टिकच्या कव्हरात तर नकोच, हॉलमधेच खुंटीला राहू दे, घरच्यांना दिसायला बरं नाही वाटणार पण बुरशी तरी लागणार नाही.