एमएसडब्ल्यू करू की समुपदेशन?

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी (एमएसडब्ल्यू) की समुपदेशन, या दोन रस्त्यांपैकी कुठला घ्यावा, असं विचारणाऱ्यांना मी उलट विचारते: समोरचं माणूस रडत असताना तुमचं लक्ष आधी कुठे जातं? त्याच्या मनात काय चाललंय याकडे, की सुटलेली नोकरी, नसलेलं रेशनकार्ड, पोलिसांनी न घेतलेली तक्रार याकडे? पहिल्याकडे ओढ जास्त असेल तर मानसशास्त्र घ्या, दुसऱ्याकडे असेल तर समाजकार्य.

समुपदेशनासाठी मानसशास्त्राची पदवी आणि त्यावर समुपदेशनाचं एमए हा सरळ रस्ता. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ, व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी हवीच. दोन-तीन महिन्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर ते होत नाही. अशा जाहिरातींपायी मुलं घरचे पैसे घालवतात, त्याचा मला खरंच राग येतो.

एमएसडब्ल्यूला कुठल्याही शाखेचे पदवीधर चालतात. मुंबईत १९३६ साली सुरू झालेली, आता देवनारला असलेली टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आणि १९५५ पासूनचं निर्मला निकेतन ही जुनी ठिकाणं. निर्मला निकेतनला बारावीनंतर समाजकार्याची पदवी, म्हणजे बीएसडब्ल्यूही करता येतं.

पण खरं शिक्षण फील्डवर्कमध्ये, म्हणजे शिकत असताना संस्थेत किंवा रुग्णालयात प्रत्यक्ष केलेल्या कामात. माझं एका पालिका रुग्णालयात होतं. गोवंडीचा एक टीबीचा रुग्ण गोळ्या मध्येच सोडायचा. वॉर्डात सगळे त्याला समजावून थकले होते. होम व्हिजिटला गेल्यावर कळलं, पहाटे उपाशीपोटी गोळ्या घेऊन तो रोजंदारीचं काम मिळवायला नाक्यावर उभा राहायचा आणि मळमळीने दिवस बुडायचा. टीबीच्या रुग्णांना सकस आहारासाठी मिळणारे सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे तेव्हाचे महिना ५०० रुपयेही बँक खात्याअभावी अडकलेले. आधी खातं उघडलं, डॉक्टरांशी बोलून गोळ्यांची वेळ बदलून घेतली. त्यानंतर तो आजाराच्या भीतीबद्दल बोलू लागला. तिथे मात्र ऐकून घेण्याचं कौशल्यच लागलं.

दोन्ही गोष्टी एकत्र बघायच्या असतील तर पोलीस यंत्रणेतल्या महिला आणि मुलांसाठीच्या विशेष कक्षाचं काम समजून घ्या. टिसच्या पुढाकाराने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात तो सुरू झाला. तिथे बाईचं मनही सावरायचं असतं आणि तिच्या हक्कांसाठी पोलिसांशी, सासरच्यांशी बोलायचंही असतं.

पगाराचं स्पष्ट सांगते. संस्थांमधली बरीच कामं प्रकल्पावर असतात. निधी संपला की नोकरीही संपते. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकाची पदं असतात, त्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. फील्डवर्कला कुठे पाठवतात, तुमचं रेकॉर्डिंग, म्हणजे फील्डवर्कचं लिहिलेलं टिपण, कोणी वाचतं का, सुपरव्हिजन, म्हणजे त्यावर शिक्षकांशी चर्चा, दर आठवड्याला होतं का, हे विचारा. उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरं कॉलेज बघा.