घोड्यासोबतचं समुपदेशन: रिंगणातलं सत्र कसं घ्यावं

घोड्याच्या मदतीने उपचार म्हटलं की खोगिरावर बसलेलं मूल आणि दोर धरून चालणारा मदतनीस असं चित्र डोळ्यांपुढे येतं. ते काम वेगळं. घोड्याच्या चालीने कंबर आणि पाठीच्या स्नायूंना मिळणारी हालचाल फिजिओथेरपिस्ट वापरतात. त्या प्रकाराला चालना मिळाली ती डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांच्यामुळे. पोलिओनंतर गुडघ्याखाली बळ उरलेलं नसताना त्यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवलं. मानसोपचारात मात्र बहुतेकदा कोणीच घोड्यावर बसत नाही. 1999 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘इगाला’ या संस्थेच्या पद्धतीत तर सगळं सत्र जमिनीवरच होतं. घोडा मोकळा असतो, माणूस पायी असतो. इथे सांगितलेली रीत याच धाटणीची आहे.

हे का चालतं, याबद्दल फार गूढ बोललं जातं. घोडा मन वाचत नाही. तो खांद्यांचा ताण, श्वासाची गती, पावलांचा वेग आणि चेहरा वाचतो, कारण भक्ष्य होणाऱ्या कळपातल्या प्राण्याला त्यावाचून जगता येत नाही. 2009 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. घोडे एकाच वाटेवरून चार वेळा न्यायचे. चौथ्या फेरीआधी माणसांना सांगितलं की या वेळी वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही, तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि सोबतच्या घोड्यांचेही. एवढा आधार पुरेसा आहे. ‘घोडा जखमा भरतो’ असं पत्रकावर छापू नका. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने आघातोत्तर तणाव असलेल्या 63 माजी सैनिकांना आठवड्याला 90 मिनिटांचं एक अशी आठ गटसत्रं दिली. 2021 मध्ये निकाल आले आणि लक्षणं कमी झालेली दिसली, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून औषधं आणि नेहमीचं समुपदेशन चालू ठेवून त्याला दिलेली जोड, एवढंच या कामाला म्हणावं.

दोन माणसं लागतातच

एक नोंदणीकृत मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा रीतसर शिकलेला समुपदेशक. दुसरा घोड्याचा जाणकार. दोन्ही कामं येणारा माणूस मिळाला तरी सत्रात ती एकट्याने करू नयेत. क्लायंट रडू लागला की समुपदेशकाची नजर त्याच्या चेहऱ्यावर जाते, आणि नेमक्या त्याच क्षणी घोड्याने इशारा म्हणून कान मागे पाडलेले असतात. तिसरा माणूस, म्हणजे मोतद्दार, कुंपणाबाहेर हाकेच्या अंतरावर हवा. गोपनीयतेच्या कागदावर त्याचीही सही घ्या. गावात एखाद्या घरची गोष्ट पसरते ती बहुतेकदा अशाच वाटेने.

रिंगण

सुमारे 18 मीटर व्यासाचं गोल किंवा 20 × 40 मीटरचं आयताकृती रिंगण चालतं. पहिल्या सत्रांना आयताकृती बरं, कारण घोड्याला लांब जायला जागा मिळते आणि तो लांब जाऊ शकला तरच त्याचं जवळ येणं खरं मानता येतं. कुंपण पाच फुटांचं, लाकडी किंवा पाइपचं असावं. काटेरी तार नको. फाटक दोन असावीत, म्हणजे घोडा एका फाटकाशी उभा राहिला तर माणूस दुसऱ्याने बाहेर पडू शकेल. जमिनीवर दोन-तीन इंच वाळू टाका. कोकणात आणि घाटमाथ्यावर जूनपासून ही वाळू चिखल होते, घोडा घसरतो आणि माणूसही. छप्पर नसेल तर ते चार महिने उघड्यावरची सत्रं बंद ठेवावीत. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत काम संपवा.

रस्त्याच्या बाजूने शेडनेट बांधा. कुंपणावर हात ठेवून बघणारी चार माणसं असली की कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

घोडा निवडताना

सात ते अठरा वर्षांचा, खच्ची केलेला घोडा किंवा शांत घोडी. खच्ची न केलेला नर नको. शक्य असेल तर दोन-तीन जनावरं ठेवा. त्यांच्यातली दादागिरी, दोस्ती आणि एकट्याने बाजूला राहणं हे सगळं क्लायंटच्या बोलण्याला विषय पुरवतं.

महाराष्ट्रात स्वस्तात मिळतो तो वरातीचा किंवा पर्यटकांना फिरवून थकलेला घोडा. तो बँडला, फटाक्यांना बुजत नाही आणि त्यामुळे फार योग्य वाटतो. इथेच फसगत होते. काही जनावरं शांत नसतात, त्यांनी फक्त प्रतिसाद देणं सोडलेलं असतं: नजर स्थिर, कान बाजूला लोंबते, हात लावला तरी कातडी थरथरत नाही. असा घोडा सुरक्षित दिसतो, पण तो रिंगणात काहीच सांगत नाही. अशा घोड्याला आधी काही महिने चरायला आणि इतर घोड्यांसोबत मोकळं सोडावं. कान हलू लागले, माणूस आला की मान वळू लागली, मगच कामाला घ्यावा.

निवडीची चाचणी सोपी आहे. दहा पावलांवर छत्री उघडा, प्लास्टिकची पिशवी सळसळवा, व्हीलचेअर फिरवा. घोड्याने दचकावं, बघावं आणि मिनिटाभरात पुन्हा मान खाली घालावी. अजिबात न दचकणारा आणि दहा मिनिटं फुरफुरत राहणारा, दोघेही नकोत.

खरेदीआधी पशुवैद्याकडून दात, खूर आणि पाठ तपासून घ्या. ‘चावका’ म्हणून विकलेल्या घोड्याच्या पाठीत अनेकदा खोगिराची जुनी जखम निघते. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्तचाचणी झाल्याशिवाय घोडा आवारात आणू नका. हा रोग माणसालाही होतो आणि आपल्याकडे तो सरकारला कळवणं बंधनकारक आहे. धनुर्वाताची लस दर वर्षी द्या, घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. रेबीजची लसही टाळू नये. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी यायला हवा. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. सत्राआधी ती मोजा. विश्रांतीतही 50 च्या वर असेल तर त्या दिवशी तो घोडा बाहेर काढू नका. दुखणं किंवा पोटशूळ असण्याची शक्यता असते.

कोणाला घेऊ नये

प्राण्यांना इजा केल्याचा किंवा आगी लावल्याचा इतिहास, भ्रम-भास जोरात असलेली अवस्था, नशेत येणं, नियंत्रणात नसलेली फिट, घोड्याच्या केसांची किंवा चाऱ्याच्या धुळीची तीव्र ॲलर्जी. यांपैकी काही असेल तर थांबा. घोड्याची भीती हे मात्र नाकारण्याचं कारण नाही. ती व्यक्ती पहिली दोन सत्रं कुंपणाबाहेर खुर्चीवर बसून करू शकते.

पहिल्या भेटीत पीएचक्यू-9 (नैराश्याची) आणि जीएडी-7 (चिंतेची) या प्रश्नावल्या भरून घ्या, मग चौथ्या आणि आठव्या सत्राला पुन्हा. पीएचक्यूच्या नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाला, शून्याहून वेगळं उत्तर आलं तर त्या दिवशी घोडा बाजूला राहू द्या. आधी सुरक्षिततेची आखणी करा, घरच्या एका माणसाचा नंबर घ्या आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक लिहून द्या.

पहिलं सत्र

वेळ सव्वा तास धरा. फोनवरच सांगून ठेवा: बंद बूट, सलवार असेल तर ओढणी नको, साडी नको, गळ्यात लोंबतं काही नको. मुलांना जमिनीवरही हेल्मेट.

पहिली दहा मिनिटं झाडाखाली, घोड्याशिवाय. मग घोड्याचा जाणकार नियम दाखवतो, नुसते सांगत नाही. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण थेट शेपटीमागचं आणि कपाळासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. म्हणून बोलत-बोलत खांद्याच्या दिशेने तिरकं जायचं. मागून जायचं तर घोड्याच्या पुठ्ठ्यावर (पाठीमागच्या मांसल भागावर) हात ठेवून अगदी चिकटून, नाहीतर चार मीटर दुरून. मधलं अंतर लाथेचं. दोर हाताला गुंडाळायचा नाही. समोर उकिडवं बसायचं नाही. हातातून गूळ-गाजर द्यायचं नाही, कारण दुसऱ्या सत्रापासून घोडा माणसाकडे नव्हे तर खिशाकडे येतो आणि पुढचं सगळं निरीक्षण वाया जातं. शेवटी एक शब्द ठरवा: कोणीही ‘थांबा’ म्हटलं की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं.

पुढची दहा मिनिटं कुंपणाबाहेरून बघणं. ‘काय दिसतंय?’ एवढंच विचारा. क्लायंट म्हणेल, ‘तो तपकिरी एकटा पडलाय.’ दुसरा त्याच घोड्याबद्दल म्हणेल, ‘तो मस्त निवांत आहे.’ दोन्ही वाक्यं जशीच्या तशी लिहून ठेवा.

मग आत जाऊन वीस-पंचवीस मिनिटं एकच काम: एका घोड्याशी ओळख करून घ्या, कशी ते तुम्ही ठरवा. हात लावलाच पाहिजे असं नाही. दोघे तज्ज्ञ तीन-चार मीटरवर उभे राहतात आणि गप्प राहतात. हे गप्प राहणं नव्या माणसाला सर्वांत जड जातं. क्लायंट पाच मिनिटं नुसता उभा राहिला की त्याला मदत करावीशी वाटते. करू नका. त्या पाच मिनिटांत तो काय करतो, हेच बघायला आपण तिथे आहोत.

उरलेला वेळ बाहेर येऊन बोलण्यासाठी. हात धुऊन, पाणी पिऊन.

नंतरची कामं

खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करणं, हे दुसऱ्या-तिसऱ्या सत्राचं चांगलं काम आहे. मानेपासून मागे, रबरी खरारा गोल फिरवत. तोंडावर आणि गुडघ्याखाली मऊ ब्रशच. ज्यांचं डोकं सतत पळतं त्यांना हातांना मिळणारी लय उपयोगी पडते. घोडाही हिशोब चुकता करतो: जोर जास्त झाला की कातडी आकसतो, बरं वाटलं की वरचा ओठ लांब करतो.

सर्वांत जास्त हाताशी लागतं ते हद्दीच्या कामातून. जमिनीवर 13 मीटर दोराचं वर्तुळ करा, त्रिज्या साधारण दोन मीटर येते. मध्ये रबरी घमेल्यात हिरवा चारा ठेवा. बादली नको, कडीत घोड्याचा पाय अडकतो. क्लायंट वर्तुळात उभा राहील. दहा मिनिटं घोड्याला आत येऊ द्यायचं नाही, पण मारायचं नाही, दोर वापरायचा नाही. घोडा एकच घ्या. चाऱ्याभोवती दोन असले की लाथा सुरू होतात. तासभर आधी त्याला वैरण खाऊ घातलेली हवी, उपाशी घोडा हद्द मानत नाही.

होतं असं की माणूस तोंडाने ‘नाही, नाही’ म्हणतो आणि पाय मागे घेतो. घोडा शब्दांकडे लक्ष देत नाही. मागे सरणारं शरीर म्हणजे मोकळी झालेली जागा, म्हणून तो पुढे येतो. तेच शरीर त्याच्या खांद्याच्या रोखाने एक पाऊल पुढे आलं की तो थांबतो. ही युक्ती आधी सांगू नका. ज्या बाईने घरात आणि ऑफिसात वर्षानुवर्षं हसून ‘नको हो’ म्हटलंय तिला ती स्वतः सापडली तरच उपयोग. घरात मारहाण सोसलेल्या व्यक्तीला हे काम पहिल्या तीन सत्रांत देऊ नये. अंगावर चाल करून येणारं चारशे किलोचं जनावर तिला जुन्या प्रसंगात ढकलू शकतं.

बोलायचं कसं

घोड्याने काय केलं ते सांगा, घोड्याला काय वाटलं ते सांगू नका. ‘त्याला तुमचा राग कळला’ हे आपण रचलेलं असतं. ‘तुम्ही फोनवरच्या त्या बोलण्याबद्दल सांगत होतात तेव्हा तो तीन पावलं मागे गेला. तुमच्या लक्षात आलं?’ एवढं पुरे. चार गोष्टींवर नजर ठेवा: काय बदललं, काय तीन वेळा घडलं, काय अगदी वेगळं घडलं आणि शब्द व कृती कुठे जुळल्या नाहीत. पाचवी गोष्ट स्वतःची. क्लायंट घोड्याला ओढताना तुम्हाला चीड आली, तर ती तुमची आहे, वहीत लिहा आणि बाजूला ठेवा.

मूल म्हणालं, ‘तो माझ्यावर रागावलाय’, तर ‘नाही रे, घोडे रागावत नाहीत’ म्हणू नका. ‘तुला कशावरून वाटलं?’ असं विचारा.

काय बिघडतं

घोडा पाठ फिरवून गवत खायला निघून जातो. ज्याला आयुष्यात सोडून जाणं सोसावं लागलंय त्याला हे खोल लागतं. लगेच घोडा परत आणू नका, पण क्लायंटच्या शेजारी जाऊन उभे राहा. डोळे शून्यात, हाक मारल्यावर उत्तर नाही, हात गार, अशी चिन्हं दिसली तर काम थांबवा. रिंगणाबाहेर आणा, पाय जमिनीवर टेकवून बसवा, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा.

घोड्याचंही बिघडतं. शेपटी सारखी झटकणं, पुन्हापुन्हा जांभया, डोळ्यावरची कातडी ताणलेली, फाटकाकडे वळून उभं राहणं, ही ‘आता पुरे’ची चिन्हं आहेत. दिवसाला दोनच सत्रं, आठवड्याला दोन दिवस पूर्ण सुट्टी. रांगेत पैसे भरलेली माणसं उभी असतात तेव्हा हा नियम पहिला मोडतो, आणि पहिला चावा बहुधा त्यानंतरच बसतो. घोडा शांत राहावा म्हणून औषध देऊन रिंगणात आणणं तर कधीच नाही. सुस्त घोडा अडखळतो आणि दचकला की त्याचं त्यालाच सावरत नाही.

सत्रांचा शेवट दोन भेटी आधी सांगा. निरोपाला क्लायंटला घोड्यासोबत दहा मिनिटं मोकळी द्या, काम न देता. मधल्या काळात घोडा विकला गेला, आजारी पडला किंवा मेला, तर क्लायंटला ते आदल्या दिवशी फोन करून समुपदेशकानेच सांगावं. फाटकाशी आल्यावर मोतद्दाराच्या तोंडून ते कळता कामा नये.