दातांच्या कामासाठी पुणे गाठण्याआधी

न्यू जर्सीत, आमच्या एडिसन गावातल्या डेंटिस्टने तीन दाढांच्या इम्प्लांटचा, म्हणजे जबड्यात स्क्रू बसवून त्यावर दात लावण्याचा, अंदाज छापून हातात ठेवला, तो साडेतेरा हजार डॉलरचा. इन्शुरन्स वर्षाला देणार दीड हजार. घरी येऊन पुण्याच्या बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "ताई, इकडेच ये. एका तिकिटात दातही होतील आणि आमची वास्तुशांतही." वास्तुशांत झाली. दातांना दोन फेऱ्या लागल्या. आता ओळखीतलं कोणी ना कोणी दर महिन्याला फोन करून "तुम्ही कसं केलंत?" विचारतं, म्हणून फोनवर जे सांगते ते इथे लिहून ठेवते. क्रम साधारण तयारीचाच आहे, मध्येच भरकटले तर सांभाळून घ्या.

आधी वहीत हिशोब मांडा. अमेरिकेत एका दाताचं इम्प्लांट कॅपसकट साधारण ३ ते ५ हजार डॉलरला पडतं. मला पुण्यात आलेली कोटेशनं कंपनीप्रमाणे दाताला ३५ हजारांपासून ८० हजार रुपयांपर्यंत होती. ऐकायला फरक केवढा मोठा, पण दोन वेळचं विमान, बिनपगारी रजा आणि पुण्यातली रिक्षा-टॅक्सी धरली की एका दातासाठी जाण्यात फारसं काही उरत नाही. तीन-चार दात असतील, किंवा आईवडिलांना भेटायला जाणारच असाल, तर गणित जमतं. एचएसएमधले, म्हणजे उपचारांसाठी करमुक्त साठवलेले अमेरिकी खात्यातले, पैसे परदेशातल्या दातांच्या उपचारालाही चालतात, तेव्हा प्रत्येक पावती जपा. दात नुसते पांढरे करून घेतले तर ते मात्र त्यात बसत नाही. ॲरिझोना किंवा दक्षिण कॅलिफोर्नियात राहत असाल तर युमाजवळची सीमा पायी ओलांडून मेक्सिकोतल्या लॉस अल्गोदोनेसला जाणं सोपं पडेल. गाव एवढंसं, पण दातांचे दवाखाने शेकड्यांनी, म्हणून त्याला 'मोलर सिटी', दाढांचं शहर, म्हणतात. तिथे बहिणीच्या हातचा मऊ भात मिळत नाही एवढंच. आणि तुम्ही नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर असाल तर भारतात जाण्याआधी पासपोर्टमधला व्हिसा कधी संपतो ते बघा. दाढेपायी स्टॅम्पिंगच्या रांगेत अडकलात तर वाचवलेले पैसे तिथेच जातील.

आता तारखा. सगळ्यात जास्त चूक इथे होते, कारण आपण रजेचं कॅलेंडर समोर ठेवतो आणि जबड्याचं हाड काही त्याप्रमाणे चालत नाही. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. पेर-इंगवार ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाला १९५० च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम काढता काढता निघेना, तिथून ही विद्या सुरू झाली, आणि १९६५ मध्ये ती माणसाच्या जबड्यात आली. हाडाचं ते घट्ट धरणं आजही सावकाशच होतं: खालच्या जबड्यात साधारण ३ महिने, वरच्या जबड्यात ४ ते ६. हाड कमी असेल आणि भरावं लागलं तर आणखी ४ ते ६ महिने. वरच्या दाढांसाठी सायनस लिफ्ट, म्हणजे सायनसचा तळ उचलून तिथे हाड भरायची वेळ आली तर त्याहूनही जास्त. म्हणजे स्क्रू एका फेरीत, कॅप दुसऱ्या फेरीत. 'एका दिवसात पक्के दात' अशी जाहिरात दिसली की विचारा, पक्के कुठले? त्या दिवशी बसवतात ते बहुतेक तात्पुरते असतात, कायमचे काही महिन्यांनीच.

पहिल्या फेरीला दोन आठवडे तरी हवेत. तपासणी, स्कॅन, ऑपरेशन, मग ७ ते १० दिवसांनी टाके काढणं. दुसऱ्या फेरीला माझ्या मते तीन आठवडे. माप, लॅबमधून येणं, ट्रायल, पुन्हा लॅब, मग बसवणं. आणि कॅप बसल्यानंतरचे चार-पाच दिवस अगदी मोकळे ठेवा. खुर्चीत बसून "उंच लागतं का?" या प्रश्नाचं खरं उत्तर देता येत नाही, ते घरी पोळीचा पहिला घास चावताना कळतं. माझी एक कॅप दोनदा घासून घ्यावी लागली. शेवटच्या दिवशी कॅप आणि रात्री मुंबईहून विमान, असं कोणी ठरवत असेल तर त्याला हात जोडून थांबवा. फक्त रूट कॅनाल आणि कॅपच असतील तर तीन आठवड्यांची एकच फेरी पुरते.

महिना निवडताना दवाखाना आणि लॅब दोन्ही धरा. दिवाळीत लॅबची माणसं गावी जातात. गणपतीत, विशेषतः विसर्जनाला, पुण्याच्या मध्यवस्तीतल्या दवाखान्यात पोहोचणंच अवघड. डिसेंबर-जानेवारीत लग्नाला आलेली आपल्यासारखीच सगळी मंडळी तोंड उघडून बसलेली असतात. मी फेब्रुवारी आणि ऑगस्टचे पहिले दिवस निवडले. ऑगस्टमध्ये पाऊस होता, पण अपॉइंटमेंट हव्या तेव्हा मिळाल्या.

जायच्या तीन महिने आधी इथल्या डेंटिस्टकडून तुमचे सगळे एक्स-रे मागा. प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे, संकोच करू नका. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, झालेला असेल तर त्याची मूळ फाइल (तिला डायकॉम म्हणतात) पेनड्राइव्हवर घ्या. कॉम्प्युटरच्या पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून कोणाला हाडाची जाडी कळत नाही. पुण्यातल्या दोन-तीन जणांना तीच फाइल पाठवा आणि लेखी आराखडा मागा. कुठला दात काढायचा, कुठला वाचवता येईल, हाड भरावं लागेल का. तिघांचं उत्तर सारखं आलं नाही तर घाबरू नका, पण एकाने पाच दात काढायचे म्हटलं आणि दुसऱ्याने दोन, तर पहिल्याला कारण विचारा. मला एका ठिकाणी फाइल उघडायच्या आतच 'पॅकेज' सांगितलं गेलं. तिथे मी पुढे विचारलंच नाही.

कोण काय करणार हेही विचारा. बीडीएस, म्हणजे दातांची पहिली पदवी, झालेले चांगले डॉक्टर भरपूर आहेत, पण मोठ्या कामात स्क्रू बसवणारे ओरल सर्जन किंवा पेरिओडॉन्टिस्ट (हिरड्यांचे तज्ज्ञ) आणि दात बसवणारे प्रोस्थोडॉन्टिस्ट असे पुढचं एमडीएस केलेले बरे. बऱ्याच दवाखान्यांत सर्जन ठरावीक वारी बाहेरून येतात. त्यात वावगं काही नाही, फक्त तुमचे टाके कोण बघणार आणि रात्री सूज वाढली तर फोन कोण उचलणार हे आधी कळायला हवं. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी असल्याची खात्री करून घ्या.

कोटेशनमध्ये 'इम्प्लांट २५ हजार' असं दिसलं तर तो नुसत्या स्क्रूचा भाव असू शकतो. स्कॅन, दात काढणं, हाड भरणं, स्क्रू, मधला जोड म्हणजे ॲबटमेंट, आणि कॅप, हे सगळं वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा. कॅप झिरकोनियाची की धातूवर पोर्सिलेनची, तेही. सगळे पैसे आगाऊ देऊ नका, टप्प्याटप्प्याने द्या. इम्प्लांट पक्कं धरलंच नाही तर काय, स्क्रू फुकट बदलतील का, तेही लेखी घ्या. तिकीट तर तुमचंच जाणार आहे.

इथे माझी जुनी गोष्ट सांगते. अकरा वर्षांपूर्वी, भाच्याच्या लग्नाच्या धामधुमीत, मी एक दाढ अशीच घाईत बसवून घेतली होती. कागद म्हणून हातात आली ती फक्त पावती. सहा वर्षांनी ती दाढ हलायला लागली. इथला डेंटिस्ट म्हणाला, आतला जोडाचा स्क्रू सैल झालाय, पाच मिनिटांचं काम आहे, पण इम्प्लांट कुठल्या कंपनीचं? प्रत्येक कंपनीचा स्क्रू-ड्रायव्हर वेगळा असतो म्हणे. मला कुठे माहीत! तिकडच्या दवाखान्याची जागा बदललेली, फोन लागेना. एक्स-रे बघून अंदाज बांधत, चार वेगवेगळे स्क्रू-ड्रायव्हर मागवत, त्या पाच मिनिटांच्या कामाला दीड महिना आणि साडेचारशे डॉलर लागले.

म्हणून या वेळी मी कंपनी आधी ठरवली. स्ट्रॉमन, नोबेल बायोकेअर, ऑस्टेम अशी जी नावं भारतातही मिळतात आणि इथल्या डेंटिस्टलाही ओळखीची असतात, त्यातलंच घ्या. थोडं महाग पडलं तरी चालेल. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतं, त्यावर कंपनी, प्रकार, जाडी-लांबी आणि लॉट नंबर. ऑपरेशनच्या दिवशीच ते मागून घ्या, नंतर ते कचऱ्यात जातं. शक्य असेल तिथे कॅप सिमेंटने चिकटवण्याऐवजी स्क्रूने बसवणारी मागा, म्हणजे उद्या दुसऱ्या देशातल्या डॉक्टरला ती न फोडता काढता येते. हे सगळ्यांच्या तोंडात शक्य नसतं, पण विचारायला काय जातं? शेवटी एक पानभर इंग्रजी अहवाल, शेवटचा एक्स-रे आणि कॅपच्या रंगाचा नंबर, माझा ए-टू आहे, एवढं घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.

औषधांची यादी हा माझ्या वयाच्या बायकांसाठी खास मुद्दा आहे. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची ॲलेंड्रोनेटची गोळी, वर्षाचं झोलेड्रॉनिक ॲसिडचं किंवा सहा महिन्यांचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल, तर दात काढल्यावर क्वचित जबड्याचं हाड भरूनच येत नाही. आपण दातांच्या डॉक्टरांना बीपी आणि शुगर सांगतो, हे सांगायचं राहून जातं, कारण मनात ते 'गुडघ्याचं औषध' असतं. पुण्याला फाइल पाठवता त्याच दिवशी हेही कळवा. आणि स्वतःच्या मनाने बंद करू नका: डेनोसुमॅबचा डोस लांबला तर मणक्याची हाडं मोडण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच, थांबवायच्या की नाहीत ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं. हृदयाची झडप बदललेली असेल तर आधी अँटिबायोटिक लागतं. एचबीए-वन-सी ही साखरेची तपासणी महिनाभरात केलेली असू द्या. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर मोठ्या अक्षरात लिहा. तंबाखू, मिश्री, सिगारेट, जे काही असेल ते खरं सांगा. तोंडात बघितल्यावर त्यांना कळतंच.

बॅगेत फार काही लागत नाही. नेहमीची औषधं मूळ डब्यांत आणि प्रिस्क्रिप्शनसह, हातातल्या बॅगेत. मऊ ब्रश, बर्फाची पिशवी. जास्तीची उशी नसली तरी चालेल, ती बहीण देते. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) असलेल्यांना उपचारासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकांनी ई-मेडिकल व्हिसाची माहिती काढावी. प्रवासाचा विमा काढलात तर बारीक अक्षरं वाचा: ठरवून केलेल्या उपचारातून उद्भवलेला त्रास सहसा त्यात धरत नाहीत.

उतरल्या उतरल्या ऑपरेशन ठेवू नका. साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक आणि जागरण अंगावर असतं, दोन दिवस झोपा. ऑपरेशननंतर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते, आणि नेमके त्याच दिवशी नातेवाईक भेटायला येतात. त्यांना चौथ्या दिवसानंतरची वेळ द्या. खाण्यात मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, वरणाचं पाणी, गार केलेलं सूप, ताक. स्ट्रॉने काही ओढू नका, म्हणजे उसाचा रसही नको, रक्ताची गुठळी सुटली तर दुखणं फार वाईट. चिवडा, चकली, भाकरीची कड, यांच्याकडे नुसतं बघायचं. "एवढीशी चकली खा गं, तोंडात विरघळते" असं म्हणणारी मावशी प्रत्येक घरात असते. तिला डॉक्टरांचं नाव सांगा, आपलं नाही.

परतीचं विमान कधी, ते सर्जनला विचारून ठरवा. साध्या इम्प्लांटनंतर निदान आठवडा जाऊ द्यावा. सायनस लिफ्ट झाली असेल तर दोन-तीन आठवडे थांबायला सांगतात, कारण हवेचा दाब बदलला की तिथे ताण येतो. त्या दिवसांत नाक जोरात शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. विमानात ते जरा विचित्र दिसतं, पण शेजारच्याला पुन्हा भेटायचंय कोणाला.

एक काम मी निघण्याआधी केलं ते बरं झालं. एडिसनच्या दोन डेंटिस्टना सरळ विचारलं, बाहेर काम करून आले तर नंतर बघाल ना? पहिल्याने नाही म्हटलं. दुसऱ्याने हो म्हटलं, पण स्टिकर आणि एक्स-रे आणायची अट घातली. आता दर सहा महिन्यांनी सफाई आणि वर्षातून एक एक्स-रे त्याच्याकडेच होतो. रात्री दात खाते म्हणून नाइट गार्डही कॅप बसल्यानंतर त्यानेच बनवून दिला. तिन्ही स्टिकरं पासपोर्टच्या पाकिटात आहेत, फोटो फोनमध्ये, आणि एक प्रत बहिणीच्या कपाटात, वास्तुशांतीच्या अल्बमखाली.