नळदुर्ग ते तेर : धाराशिवची एक दिवसाची भटकंती कशी आखावी

धाराशिव जिल्हा पाहावयाचा असल्यास पावसाळा सरता सरता निघावे आणि सोलापूरहून सुमारे ५० किलोमीटरवरील नळदुर्ग सकाळीच गाठावा. बोरी नदीवरील आदिलशाही बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल असून, नदी भरून वाहू लागली की नर आणि मादी हे धबधबे बंधाऱ्यावरून कोसळतात आणि आपण मात्र आतल्या झरोक्याशी कोरडे उभे असतो. उपळी बुरुजाच्या उंच पायऱ्या गुडघेदुखी असणाऱ्यांनी सोडाव्यात. वाटेत तुळजापूर आहेच. मंगळवार, शुक्रवार व पौर्णिमा टाळल्यास दर्शनाची रांग आटोपशीर असते. उरलेला वेळ तेरला द्यावा. तेथे गोरोबाकाकांची समाधी, विटांचे त्रिविक्रम मंदिर आणि लामतुरे संग्रहालय आहे. संग्रहालयातील सातवाहनकालीन हस्तिदंती बाहुली आवर्जून पाहावी.