सरकारचा जमाखर्च तपासताना या चुका टाळा

राज्याचा पैसा नीट सांभाळला जातोय का, याचं उत्तर बहुतेक जण अर्थसंकल्पाच्या दिवशी शोधतात. त्या दिवशी ते मिळत नाही, कारण तेव्हा हातात असतात ते फक्त अंदाज. खरं उत्तर नंतर विनियोजन लेख्यांत (मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांचा वर्षअखेरचा हिशोब), कॅगच्या म्हणजे महालेखापरीक्षकांच्या अहवालात आणि तो तपासणाऱ्या आमदारांच्या लोकलेखा समितीच्या कामकाजात सापडतं, आणि तिथपर्यंत फार थोडे लोक पोचतात. सभागृहाला सांगितलं काय, प्रत्यक्षात झालं काय आणि दोन्हींतल्या फरकाचा जाब कोणी विचारला, हे तीन प्रश्न धरून ठेवले तर वाट चुकत नाही.

जगभर ही तपासणी करण्यासाठी 'पेफा' नावाची एक पद्धत वापरतात. 2001 साली जागतिक बँक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, युरोपीय आयोग आणि चार देशांच्या सरकारांनी मिळून तिचं काम सुरू केलं. 2016 च्या सुधारित चौकटीत 7 स्तंभ, 31 निर्देशक आणि त्यांची 94 परिमाणं आहेत, श्रेणी 'ए' ते 'डी'. कोणती योजना चांगली आणि कोणती वाईट, हे ती ठरवत नाही. ठरवलेलं पाळलं जातं का आणि त्याचा हिशोब लागतो का, एवढंच ती बघते. खाली उदाहरणं महाराष्ट्राची घेतली आहेत. कागदपत्रं मराठीत मिळतात आणि पडताळून बघता येतात.

एका तुटीवर निकाल देऊ नका

2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्याची राजकोषीय तूट (कर्ज सोडून येणाऱ्या जमेपेक्षा एकूण खर्च जितका जास्त, ती रक्कम) सुमारे 1,36,235 कोटी रुपये धरली होती. राज्य उत्पन्नाच्या 3 टक्क्यांच्या आत, म्हणजे मर्यादेत. अनेक विश्लेषणं इथेच थांबली. पण त्याच कागदावर महसुली जमा 5,60,964 कोटी आणि महसुली खर्च 6,06,855 कोटी आहे, म्हणजे महसुली तूट (चालू जमेपेक्षा चालू खर्च जितका जास्त, ती रक्कम) 45,891 कोटी. ही राजकोषीय तुटीच्या साधारण एक तृतीयांश होते. याचा अर्थ, कर्जाने उभ्या करायच्या दर 3 रुपयांतला 1 रुपया पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदान अशा चालू खर्चाकडे जाणार. घर बांधायला कर्ज काढणं वेगळं आणि किराणा भरायला कर्ज काढणं वेगळं. दोन्ही तुटी शेजारी ठेवल्याशिवाय मत बनवू नका.

पुरवणी मागण्यांकडे दुर्लक्ष नको

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे. मार्चच्या अर्थसंकल्पावर तासन् तास चर्चा होते, आणि पुढे पावसाळी व हिवाळी अधिवेशनांत हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा खर्च, फारशा चर्चेविना मंजूर होतात.

2024-25 हे वर्ष बघा. निवडणुकीमुळे फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्प आला. त्यात महसुली तूट 9,734 कोटी होती. 28 जूनला पूर्ण वर्षाचा अतिरिक्त अर्थसंकल्प आला. तूट 20,051 कोटी झाली. मार्च 2025 मध्ये सुधारित अंदाज (वर्ष संपत आल्यावर नव्याने मांडलेले) आले, तेव्हा ती 26,535 कोटींवर पोचली. आणि अतिरिक्त अर्थसंकल्प मांडून 11 दिवस होतात न होतात तोच, 9 जुलैला, 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या. जूनच्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे 25,000 कोटी त्या मागण्यांमध्ये होते. योजना हवी की नको, हा इथला मुद्दा नाही. तो लोकांनी आणि सभागृहाने ठरवावा. मुद्दा हा की जून महिन्यात माहीत असलेला खर्च जूनच्याच अर्थसंकल्पात का दिसू नये? घटनेच्या अनुच्छेद 205 ने पुरवणी मागणीची सोय दिली ती मंजूर रक्कम अपुरी पडली किंवा नवी गरज उभी राहिली तर. अतिवृष्टीची मदत त्यात बसते. आधीच जाहीर केलेला खर्च त्यात बसवणं म्हणजे मूळ अर्थसंकल्पाची किंमत कमी करणं.

डिसेंबर आणि मार्चच्या मागण्या धरल्या तर त्या वर्षातला पुरवणीचा एकूण आकडा सुमारे 1,37,000 कोटी होतो. जूनच्या अर्थसंकल्पातला मूळ खर्च 6,12,293 कोटी होता. म्हणजे तब्बल 22 टक्के!

इथे घाईत आणखी एक चूक होते. लोक 6,12,293 मध्ये 1,37,000 मिळवतात आणि 'खर्च साडेसात लाख कोटींवर गेला' असं लिहून टाकतात. प्रत्यक्षात त्या वर्षाचा सुधारित अंदाज 6,72,030 कोटी होता. हा फरक का पडतो? पुरवणीतल्या काही रकमा फक्त हिशोबाच्या जुळणीसाठी असतात, काहींच्या बदल्यात तेवढीच जमा येणार असते, आणि काही वेळा खर्चाच्या दुसऱ्या शीर्षाखाली बचत झालेली असते. सरकार स्वतः स्थूल (एकूण) मागणी आणि निव्वळ (तिजोरीवर प्रत्यक्ष पडणारा) भार असे दोन आकडे देतं. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात स्थूल मागण्या 57,509 कोटींच्या होत्या, निव्वळ भार 40,644 कोटींचा. बातमीत पहिलाच आकडा येतो. दुसरा शोधून काढा.

आणि सुधारित अंदाजाला प्रत्यक्ष खर्च समजू नका. पेफाचा पहिलाच निर्देशक मूळ मंजूर खर्चाची तुलना प्रत्यक्ष खर्चाशी करतो: तीनपैकी किमान दोन वर्षांत प्रत्यक्ष खर्च 95 ते 105 टक्क्यांच्या आत राहिला तर 'ए', 90 ते 110 मध्ये 'बी'. अर्थसंकल्पाच्या तक्त्यात दोन वर्षांपूर्वीचे 'प्रत्यक्ष' आकडे असतात. त्या वर्षाचं जुनं अर्थसंकल्पीय प्रकाशन काढा, मूळ अंदाज बघा आणि शेजारी हा रकाना ठेवा. एका बैठकीत होणारं काम आहे, आणि ते करणारे फार थोडे आहेत याचं मला खरंच वाईट वाटतं. हे विभागवार केलं तर आणखी कळतं, कारण एकूण बेरीज जुळली तरी आतल्या आत एका विभागाचे पैसे दुसरीकडे गेलेले असू शकतात.

तरतूद, वितरण आणि खर्च यांची गल्लत

'आमच्या तालुक्याला 40 कोटी मिळाले' अशी बातमी येते तेव्हा मिळालेली असते ती तरतूद, म्हणजे अर्थसंकल्पात दाखवलेली रक्कम. पैसे वित्त विभागाने सोडले की बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर वितरित दिसतात. विभागाच्या नियंत्रक अधिकाऱ्याकडून ते आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे (कार्यालयासाठी पैसे काढून देणाऱ्याकडे) जातात, मग देयक म्हणजे बिल कोषागारात जातं. प्रत्येक पायरीवर रक्कम कमी होऊ शकते. 4 मे 2020 च्या शासन निर्णयाने कोविडमुळे बहुतेक विभागांना वर्षाच्या तरतुदीच्या 33 टक्केच निधी मिळेल असं ठरलं. अर्थसंकल्प तोच होता, विधिमंडळाने मंजूर केलेला. एरवीही टप्प्याटप्प्याने निधी सोडणं चालूच असतं. म्हणून माहिती अधिकारात अर्ज करताना नुसतं 'किती निधी मिळाला' असं विचारू नका. लेखाशीर्ष (हिशोबातला त्या खर्चाचा सांकेतिक क्रमांक) देऊन तरतूद, वितरित निधी, खर्च आणि प्रत्यार्पित म्हणजे परत केलेला निधी असे चार आकडे वेगवेगळे मागा. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर येतं.

खर्च झाला म्हणजे काम झालं, असं धरू नका

जिल्हा परिषदेच्या शाळेची एक वर्गखोली घ्या. निधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुटतो. 31 तारखेला कोषागारात उशिरापर्यंत दिवे चालू असतात, देयक मंजूर होतं, रक्कम जिल्हा परिषदेच्या खात्यात जमा होते. राज्याच्या लेख्यात त्या क्षणी खर्च पूर्ण. गावात मात्र अजून निविदा उघडलेली नाही. कार्यारंभ आदेश निघेपर्यंत पावसाळा येतो, पाया खणायला दिवाळी उजाडते. जिल्हा परिषदेला तो निधी खर्च करायला पुढचं वर्षही मिळतं, त्यामुळे नियम कुठे मोडलेलाही नसतो. पण 'शिक्षणावर 98 टक्के खर्च' असं जो वाचतो त्याला वाटतं खोली उभी राहिली, आणि मुलं व्हरांड्यातच बसलेली असतात.

हे ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. वर्षाच्या खर्चातला किती वाटा एकट्या मार्चमध्ये झाला? किती रक्कम स्वीय प्रपंजी लेख्यात (अधिकाऱ्याच्या नावे कोषागारात ठेवलेल्या ठेव खात्यात) नुसती पडून आहे? अनुदान ठरल्या कामावर खर्च झाल्याची किती उपयोगिता प्रमाणपत्रं प्रलंबित आहेत, आणि त्यांतली किती वर्षं जुनी? संक्षिप्त देयकावर (पावत्या न जोडता, आगाऊ) उचललेल्या रकमांची तपशीलवार देयकं आली का? राज्याच्या वित्तव्यवस्थेवरच्या कॅगच्या अहवालात या गोष्टींचे तक्ते असतात. गावपातळीवर तर मोजमाप पुस्तकाची प्रत मागितली की पुरे. किती काम झालं ते त्यात तारखेनिशी लिहिलेलं असतं.

उलट दिशेची चूकही होते. आपले सरकारी लेखे रोख पद्धतीचे आहेत: पैसे दिले की खर्च. ठेकेदाराचं काम झालं, बिल दिलं नाही, तर त्या वर्षाची तूट कमी दिसते आणि बोजा पुढच्या वर्षावर जातो. थकीत देयकांचा आकडा माहीत नसेल तर तुटीच्या आकड्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. महामंडळांनी काढलेली आणि सरकारने हमी दिलेली कर्जंही अशीच बाजूला राहतात. हमींचं विवरण अर्थसंकल्पाच्या कागदांत असतं, ते वगळू नका.

अहवाल पटलावर आला, म्हणून जाब विचारला गेला असं नाही

कॅगचा अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो. दुसऱ्या दिवशी दोन-चार मथळे होतात आणि विषय संपतो. खरं काम पुढे असतं: आक्षेपांवरची विभागांची अनुपालन टिपणं म्हणजे उत्तरं, लोकलेखा समितीपुढे सचिवांची साक्ष, समितीच्या शिफारशी, आणि त्यांवर झालेली कार्यवाही. मंजुरीपेक्षा जादा झालेला खर्च विधिमंडळाने नियमित करून घ्यावा लागतो; तसा किती वर्षांचा खर्च राहिला आहे, हा एकच प्रश्न विचारला तरी बरंच उघड होतं. पत्रकारांना माझी मनापासून विनंती आहे: नव्या अहवालाची बातमी करताना त्याच विभागाचा चार वर्षांपूर्वीचा आक्षेपही काढून बघा. तोच आक्षेप, तेच उत्तर असेल, तर मोठी बातमी ती आहे.

सुधारणा करताना आधी संगणकाकडे धावू नका

मलावीचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावं असं आहे. तिथे सरकारी खर्चासाठी संगणकीय वित्त प्रणाली होती. 2013 साली उघड झालं की संगनमताने खोट्या कंपन्यांच्या नावे पैसे काढले गेले आणि प्रणालीतल्या नोंदी पुसल्या गेल्या. सहा महिन्यांच्या तपासणीत आढळलेली रक्कम सुमारे 3.2 कोटी डॉलर होती. देणगीदार देशांनी अर्थसाहाय्य थांबवलं आणि त्याचा फटका तिथल्या सामान्य माणसांना बसला. प्रणाली असूनही बँकेच्या नोंदी आणि सरकारी नोंदी कोणी नियमित ताडून बघत नव्हतं.

आपल्याकडे बीम्स, सेवार्थ (पगारासाठी), ग्रास (सरकारी जमेसाठी) अशा चांगल्या प्रणाली आहेत आणि त्यांनी काम सोपं केलं, हे मान्यच आहे. पण कार्यालयाचे आकडे आणि राज्याचे लेखे ठेवणाऱ्या महालेखापालांचे आकडे दर महिन्याला जुळवणं, ज्याला कार्यालयात खर्चमेळ म्हणतात, ते माणसालाच करावं लागतं. हे काम नीरस आहे, त्याचं उद्घाटन होत नाही, म्हणून ते मागे पडतं. सुधारणेची सुरुवात तिथून करावी. पेफाची श्रेणी वाढवण्यासाठी नवे कायदे, नवी समिती, नवं पोर्टल आणणं त्या मानाने सोपं असतं. पेफातही काही निर्देशकांत सगळ्यात कमकुवत परिमाणावरच श्रेणी ठरते; बाकीचं कितीही सजवलं तरी ती एक बाजू झाकली जात नाही.

आकडे जुळत नसतील तर

दोन कागदांतले आकडे वेगळे दिसले की लगेच घोटाळा म्हणू नका. आधी बघा, एक आकडा अर्थसंकल्पीय आणि दुसरा सुधारित तर नाही ना. मग स्थूल आणि निव्वळ यांचा फरक तपासा. त्यानंतर कर्जफेड धरली आहे की वगळली आहे, दत्तमत (सभागृहाच्या मतदानाने मंजूर होणारा) आणि भारित (ज्यावर मतदान होत नाही तो) खर्च एकत्र आहेत की वेगळे, ते पाहा. लेखाशीर्षाचा क्रमांक दोन्हीकडे तोच आहे का, हेही बघा. योजनेचं नाव सारखं आणि शीर्ष वेगळं, असं सर्रास होतं. एवढं करूनही फरक उरला, तर तो रुपयांत लिहा, दोन्ही कागदांची पानं जोडा आणि संबंधित विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे संबंधित महिन्यांचा खर्चमेळ मागा.